टाका घालणारे डॉक्टर

मैत्रिणींनो, ‘पिशवीला टाका घातलाय’ हे आपण कितीदा तरी ऐकतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर गरोदर बायकांना भेटायला जाते, तेव्हा माझ्याही कानी येतं. पण हा टाका शोधून काढणारा माणूस आपल्या मुंबईतला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ सालचा, गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले. १९३१ मध्ये इंग्लंडची एफआरसीएस ही पदवी मिळवली आणि पुढे जे. जे. रुग्णालयात बायकांवर उपचार केले.

त्यांच्याकडे अशा बायका यायच्या, ज्यांचं मूल दर खेपेला चौथ्या ते सातव्या महिन्यात पडायचं. फारशा कळाही यायच्या नाहीत. घरचे काय म्हणत असतील ते आपल्याला सांगायला नको! नजर लागली, नाहीतर सूनच अवलक्षणी. डॉक्टरांनी मात्र नीट तपासलं. काहींच्या गर्भपिशवीचं तोंडच कमजोर होतं, भार वाढला की ते उघडायचं. मग त्यांनी त्या बाईच्याच मांडीतली चिवट पट्टी काढून त्या तोंडाला आवळून बांधली. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि ‘शिरोडकर टाका’ जगभर गेला. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले.

मला यात मोठी वाटते ती एक गोष्ट. डॉक्टरांच्या निर्णयाने बाळंतपणाची वेळ बदलते. शिरोडकरांनी ती पुढे ढकलली, बाळ पुरतं वाढावं म्हणून. आज टाका साधारण सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास काढतात. त्याआधी कळा आल्या, पाणी किंवा रक्त गेलं, तर घरी न थांबता लगेच दवाखाना गाठायचा.

आता उलटंही घडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांतली सुमारे ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. रक्तदाब वाढला, बाळाचे ठोके मंदावले तर लवकर बाळंतपण करणं जीव वाचवतं, तिथे अडून बसू नका. पण कुणाच्या सोयीसाठी किंवा मुहूर्तासाठी ३९ आठवड्यांआधी घाई नको. आजच का, थांबलो तर काय होईल, हे डॉक्टरांना विचारा. सासूबाईंनाही सोबत न्या, म्हणजे त्याही ऐकतील.