तुलिओ कॅम्पॅन्योलो: चाक पटकन काढण्याचा लिव्हर देणारा माणूस, आणि त्याच्या काळातल्या फ्रेमवर आजचे शिफ्टर

आजच्या रोड बाईकवर गिअर बदलायला हँडलवरचा हात हलवावा लागत नाही. ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअरची यंत्रणा असते. बोटाने टक केलं की चेन पुढच्या दातेरी चक्रावर. याला इंटिग्रेटेड शिफ्टर म्हणतात. पण १९७०-८० च्या सुंदर, सडपातळ स्टीलच्या फ्रेम अजूनही रस्त्यावर आहेत, आणि अनेकांना त्यांच्यावर हे नवे शिफ्टर बसवायचे असतात. ते जमतं का? बऱ्याचदा जमतं. का जमतं आणि कुठे अडतं, हे समजून घ्यायला एका इटालियन माणसाचं आयुष्य पाहू. त्यांचं नाव तुलिओ कॅम्पॅन्योलो.

हार्डवेअरच्या दुकानातला मुलगा

तुलिओ यांचा जन्म १९०१ मध्ये इटलीतल्या विचेन्झा शहरात झाला. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, म्हणजे खिळे, नट, पाने, अवजारं यांच्यातच लहानपण गेलं. मोठेपणी ते सायकल शर्यतींत उतरले.

तेव्हाची रेसिंग सायकल कशी होती ते बघा. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना दातेरी चक्र असायचं, एक सपाटीसाठी आणि एक चढासाठी. चढ आला की उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं लावायचं आणि पुन्हा निघायचं. नट हाताने फिरवता यावेत म्हणून त्यांना पंखासारखे कान असायचे.

१९२७ च्या नोव्हेंबरमध्ये डोलोमाइट पर्वतातल्या क्रोचे दाउने घाटात बर्फ पडत असताना तुलिओंची बोटं इतकी गारठली की हे नट सुटेचनात आणि शर्यत हातची गेली, असं सांगतात. ही गोष्ट सायकल जगतात सगळ्यांना पाठ आहे. सायकलच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या काहींना मात्र ती जशीच्या तशी खरी वाटत नाही. गोष्ट बाजूला ठेवली तरी अडचण खरी होती, आणि तिच्यावरचं उत्तरही खरं आहे: क्विक रिलीज.

यात चाकाचा एक्सल पोकळ असतो. त्यातून एक बारीक दांडा जातो. एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला लिव्हर. लिव्हरच्या मुळाशी कॅम असतो, म्हणजे मध्यापासून थोडा सरकवलेला गोल भाग. लिव्हर फिरवला की कॅम दांडा ओढतो आणि चाक फ्रेममध्ये घट्ट आवळलं जातं. पान्याची गरज नाही. १९३३ मध्ये तुलिओंनी विचेन्झात स्वतःची कंपनी सुरू केली. रिम ब्रेकच्या रोड बाईकवर आजही हाच लिव्हर दिसतो.

गिअरचा प्रवास

टूर द फ्रान्समध्ये डिरेलर वापरायला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. त्यानंतर चेन चालत्या सायकलवर कशी सरकवायची, यावर सगळ्यांनी डोकं लावलं. तुलिओंचं सुरुवातीचं उत्तर 'काम्बिओ कोर्सा' हे आज बघितलं तर अंगावर काटा येतो. सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर दोन दांडे. स्वाराने चालत्या सायकलवर हात मागे नेऊन एका दांड्याने चाकाचा क्विक रिलीज ढिला करायचा, दुसऱ्याने चेन ढकलायची, पेडल उलटं मारायचं, चाक खाचेत पुढे-मागे सरकून चेन ताणली गेली की परत आवळायचं! पुढे हेच काम एका दांड्यावर आणलं गेलं. १९५० ची पॅरिस-रुबे शर्यत फाउस्तो कोप्पी यांनी ते वापरून जिंकली.

पण खरा बदल 'ग्रान स्पोर्ट' डिरेलरने केला. १९४९ मध्ये त्याचा नमुना दिसला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आला. यात चार सांधे असलेली समांतरभुज चौकट असते. वायर ओढली की चौकट तिरकी होते आणि चेनला आत ढकलते. वायर सोडली की स्प्रिंग तिला परत आणते. समांतरभुज चौकटीची कल्पना फ्रान्समध्ये आधीच वापरात आली होती, त्यामुळे तिचं सगळं श्रेय तुलिओंना देणं बरोबर नाही. पण रेसिंगमध्ये टिकेल अशा दर्जाची ती बनवणं आणि जगभर पोहोचवणं, हे काम त्यांचं. आजचा वायरवर चालणारा डिरेलर याच तत्त्वावर चालतो.

१९६० आणि ७० च्या दशकांत रेसिंगमध्ये कॅम्पॅन्योलोचाच दबदबा होता. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्स यांनी एका तासात ४९.४३१ किमीचा विक्रम केला, ती सायकल एर्नेस्तो कोल्नागो यांनी बांधली होती आणि सुटे भाग कॅम्पॅन्योलोचे होते. या माणसाने वाइनच्या बाटलीचं बूच काढायचं यंत्रसुद्धा बनवलं, आणि कंपनीने गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकंही बनवली.

फेब्रुवारी १९८३ मध्ये तुलिओ गेले. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, शिमानोने ड्युरा-एसमध्ये इंडेक्स शिफ्टिंग आणलं. १९९० मध्ये शिमानोचं एसटीआय आलं, ज्यात ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये. १९९२ मध्ये कॅम्पॅन्योलोचं एर्गोपॉवर आलं. म्हणजे आपण जे बसवायला निघालोय, ते तुलिओंनी कधी पाहिलंच नाही.

त्यांच्या काळातल्या फ्रेमवर आजचे शिफ्टर

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. जुन्या सिस्टिमला नवा मॉड्यूल जोडणं हे माझं रोजचंच काम, म्हणून मला हा विषय आवडतो. आधी बघायचं ते इंटरफेस. एकेक घेऊ.

१. टिकटिक आणि मोजमाप. जुना लिव्हर फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर असायचा आणि घर्षणावर चालायचा. किती ओढायचं हे स्वाराच्या कानाला आणि बोटाला कळायचं. इंडेक्स शिफ्टर प्रत्येक टिकला ठरावीक वायर ओढतो. शिमानोच्या ८ स्पीडमध्ये एका टिकला साधारण २.८ मिमी वायर ओढली जाते, डिरेलर त्याच्या साधारण १.७ पट हलतो, म्हणजे जवळपास ४.८ मिमी. शेजारच्या दोन चक्रांमधलं अंतरही तेवढंच. शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट या तिघांचं गणित जुळलंच पाहिजे. म्हणून जुन्या नुओवो रेकॉर्डला नवा शिफ्टर जोडला तर टिक एक सांगते आणि चेन दुसरीकडेच जाते. शिमानोचा शिफ्टर आणि कॅम्पॅन्योलोचा डिरेलर यांचंही सहसा जमत नाही. तीन भाग एकाच घराण्यातले घ्या.

२. मागची रुंदी. मागच्या चाकासाठी फ्रेममध्ये किती जागा आहे ते मोजा. ५ स्पीडच्या जुन्या फ्रेममध्ये १२० मिमी, ६-७ स्पीडच्या काळात १२६ मिमी, आणि ८ ते ११ स्पीडच्या रिम ब्रेक हबला १३० मिमी लागते. स्टीलची फ्रेम १२६ वरून १३० पर्यंत थंड अवस्थेतच हळूहळू फाकवता येते, प्रत्येक बाजूला फक्त २ मिमी. हे काम जाणकार फ्रेम बिल्डरकडूनच करून घ्या. त्यानंतर दोन्ही बाजू समांतर आहेत का आणि डिरेलर टांगायचा कान सरळ आहे का, हे तपासायलाच हवं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग अजिबात नको, ती तडकू शकते.

३. वायरचा रस्ता. नव्या शिफ्टरची वायर हँडलवरून येते. जुन्या लिव्हरच्या जागी, त्याच बॉसवर, वायर अडवणारे छोटे स्टॉप बसतात. बॉस नसेल तर पट्ट्याने आवळायचे स्टॉप मिळतात. कापाकापीची गरज नाही.

४. ब्रेक. इथे जीव अडकलेला आहे. अलीकडचे लिव्हर जुन्यांपेक्षा जास्त वायर ओढतात. जुन्या सिंगल पिव्होट ब्रेकला ते जोडले तर तेवढंच थांबायला हाताला जास्त जोर लावावा लागतो. जमेल तर लिव्हरला शोभणारा ड्युअल पिव्होट ब्रेक घ्या. पण जुन्या फ्रेममध्ये रिम आणि ब्रेकच्या बोल्टमधलं अंतर अनेकदा जास्त असतं, म्हणून लांब हाताचा ब्रेक लागू शकतो. शिवाय नव्या ब्रेकचा नट फ्रेमच्या आत बसतो, त्यासाठी मागचं भोक मोठं करावं लागतं.

मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही. माझा नियम साधा आहे: जे उद्या काढून मूळ भाग परत बसवता येतील, ते बदल बिनधास्त करा. जिथे ड्रिल किंवा करवत लागते, तिथे थांबा आणि आधी दुसरा पार्ट शोधा. बाहेरच्या नटचे ब्रेकही मिळतात.

मग जुळतं ते का जुळतं?

कॅम्पॅन्योलोने डिरेलर टांगायच्या कानाला १० मिमी व्यासाचे, इंचाला २६ आटे ठेवले होते. आजचा आटा १० मिमी बाय १ मिमी आहे, म्हणजे इंचाला २५.४. फरक इतका थोडा की नवा डिरेलर त्या जुन्या कानात सहसा नीट बसतो. (तिरका गेला तर जोर लावू नका, आधी आटे साफ करून घ्या.) चाकाचा क्विक रिलीज तर तसाच्या तसाच बसतो.

तुलिओंच्या काळचे डिरेलर आज संग्रहालयात शोभतात. इंडेक्सिंगमध्ये तर जपानी कंपनी त्यांच्या कंपनीच्या पुढे गेली. पण चाक जोडायची आणि डिरेलर टांगायची जागा टिकली, आणि म्हणूनच चाळीस वर्षं जुनी फ्रेम भंगारात न जाता आज तुमच्या बुडाखाली पळू शकते. आपण ॲप लिहितो तेव्हा दोन वर्षांत आधीचं सगळं मोडतं, आणि जुना फोन चालू असूनही कचरा होतो. जोडायची जागा नीट ठरवली आणि ती उगाच बदलली नाही, तर पुढच्या पिढीला आपल्या कामावर काहीतरी नवं बसवता येतं.

तुमच्या घरी माळ्यावर किंवा जिन्याखाली जुनी स्टीलची रोड फ्रेम असेल, तर विकायच्या आधी एक मोजपट्टी घ्या आणि मागच्या चाकाची जागा मोजा. आकडा १२६ आला, तर त्या सायकलमध्ये अजून खूप जीव आहे.