हरिभाऊ आपटे : चुलत्यांचे छत्र आणि ‘उषःकाल’

हरिभाऊंच्या चरित्राचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सहसा ‘करमणूक’ पत्राकडे जाते. ते ज्या घरात वाढले त्या घराकडे क्वचितच वळते. ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली आणि त्यांच्या शिक्षणाची सूत्रे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या हाती आली. महादेवराव हे उच्च न्यायालयाचे नामांकित वकील, शिस्तीचे भोक्ते आणि संस्कृत विद्येचे अभिमानी होते. पुतण्याने आपल्याच व्यवसायात शिरावे, ही त्यांची इच्छा त्या काळाला धरूनच होती.

पुतण्याचे मन मात्र अन्यत्र गुंतले होते. १८८० मध्ये निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर असे गुरू त्यांना लाभले. १८८२ साली चिपळूणकर वारले तेव्हा या विद्यार्थ्याने विलापकाव्य लिहिले. पुढे आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या हॅम्लेटच्या भाषांतराचे प्रदीर्घ परीक्षण करून त्याने प्रत्यक्ष गुरूंचे दोषही दाखविले. महाविद्यालयात गणिताने वाट अडविली. पदवी राहिली, वकिलीही राहिली आणि १८८५ पासून ‘मधली स्थिति’ ही कादंबरी ‘पुणे वैभवा’त येऊ लागली.

हे बंड घर सोडून जाणाऱ्याचे नव्हे. नेमून दिलेली वाट नाकारायची, पण छत्र नाकारायचे नाही, अशी त्याची जात होती. आणि माझ्या मते त्यातील ताण उघड भांडणाहून अधिक काळ टिकणारा होता. ‘पण लक्षांत कोण घेतो’मधील शंकरमामंजींच्या मागे महादेवराव शोधण्याचा मोह एखाद्याला होईल. तो टाळलेला बरा. आपली संपत्ती संस्कृत पोथ्यांच्या जतनासाठी वेचून १८८८ मध्ये आनंदाश्रम उभारणारा गृहस्थ त्या ढोंगी पुरुषाचा नमुना ठरू शकत नाही.

या ताणाचा खरा ठसा दुसरीकडे आढळतो. १८९४ साली महादेवरावांचे निधन झाले. त्यानंतर १८९५ ते १८९७ या काळात ‘करमणुकी’तून ‘उषःकाल’ प्रसिद्ध झाली. तिच्यात सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या दरबाराशी एकनिष्ठ आहेत, तर त्यांचा मुलगा नानासाहेब शिवाजीकडे ओढला जातो. येथे पिता खलपुरुष नाही. त्याच्या स्वामिनिष्ठेला लेखकाने पुरता मान दिला आहे, आणि म्हणूनच पुत्राची वाट अवघड झाली आहे. कादंबरीचे मराठी वाचक शिवकालीन प्रसंगांत रमले; या बाप-लेकांच्या प्रकरणाचा अभ्यास त्या मानाने उपेक्षितच राहिला.

आनंदाश्रमाची व्यवस्था चुलत्यांच्या मागे हरिभाऊंकडेच आली. संस्कृत ग्रंथमालेच्या मुखपृष्ठांवर, जेथे आधी महादेवरावांचे नाव छापले जाई, तेथे पुढे प्रकाशक म्हणून या पदवी न मिळविलेल्या पुतण्याचे नाव येऊ लागले. ३ मार्च १९१९ रोजी निधन होईपर्यंत ते काम त्यांच्याकडे होते.