मुंबईच्या ट्रामपासून सुई वाचवणारा माणूस: नानाभॉय मूस

शिवाजी पार्कच्या मैदानात मधोमध उभे राहा आणि फोनमधल्या चुंबकीय सेन्सरचा आकडा दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडा. आकडा साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला दिसेल. हे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. आता कट्ट्याबाहेर या आणि रस्त्यावर पार्क केलेल्या एखाद्या गाडीच्या अगदी जवळ फोन न्या. आकडा उड्या मारायला लागेल, होकायंत्राचा काटा भलतीकडेच वळेल. फोन बिघडलेला नाही. गाडीचं लोखंड पृथ्वीच्या क्षेत्रात राहून स्वतःच थोडंसं चुंबक झालंय आणि तुमच्या फोनला तेही मोजावं लागतंय.

याच त्रासाचा मोठा अवतार सव्वाशे वर्षांपूर्वी कुलाब्याच्या वेधशाळेपुढे उभा राहिला होता. तेव्हा तिचे संचालक होते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांत त्यांचं नाव जगभर माहीत आहे, मुंबईकरांना मात्र फारसं नाही.

मूस यांचा जन्म १८५९ चा, पारशी कुटुंबातला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, पुण्यात इंजिनिअर झाले, मग विज्ञानाच्या पदवीसाठी एडिंबराला गेले. परत आल्यावर एल्फिन्स्टनमध्येच शिकवलं आणि १८९६ साली कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर कायम नेमलेले ते पहिले भारतीय म्हणून ओळखले जातात. वेधशाळेशी आपल्या लोकांचा संबंध त्याआधीचा आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ तिचा कारभार पाहिला होता. पुढे लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रेही तरुणपणी तिथेच कामाला होते.

मूस यांच्या हातात आली ती नोंदींची एक लांबलचक साखळी. कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजलं जात होतं, आणि १८४६ पासूनच्या नोंदी जवळपास अखंड होत्या. दोऱ्याला टांगलेलं चुंबक, त्याला चिकटवलेला छोटा आरसा आणि आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका. चुंबक केसभर हललं तरी ठिपका चांगला सरकतो. सूर्याच्या तापण्यामुळे वरच्या वातावरणात विजेचे प्रवाह वाहतात आणि मुंबईतलं क्षेत्र रोज थोडं वरखाली होतं. हा बदल एकूण क्षेत्राच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. तुमच्या फोनच्या सेन्सरला तो धड दिसणारही नाही. मूस यांना तोच मोजायचा होता.

आणि तेवढ्यात मुंबईनं ठरवलं की घोड्यांच्या ट्राम बंद करून विजेच्या आणायच्या. घोड्याची ट्राम १८७४ पासून थेट कुलाब्यापर्यंत येत होती, म्हणजे विजेचीही येणार हे उघड होतं.

यात बिघडतं काय, हे समजायला लोखंडाच्या आत डोकावायला हवं. लोखंडात सूक्ष्म भाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. प्रत्येक डोमेन म्हणजे एक चिमुकलं चुंबकच, पण सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना, म्हणून एकूण बेरीज जवळपास शून्य. बाहेरून चुंबक जवळ आणलं की त्याच्या दिशेला तोंड असलेले डोमेन फुगतात, बाकीचे आकसतात, आणि अख्खा तुकडा चुंबक होतो. घरी करून बघा. चुंबकाला एक रुपयाचं स्टीलचं नाणं चिकटवा, त्या नाण्याला दुसरं लावा. दुसरं नाणं लटकतं, कारण पहिलं आता स्वतः चुंबक झालंय. मग पहिलं नाणं हळूच चुंबकापासून सोडवा. साखळी तुटते, कारण डोमेन पुन्हा विखुरतात.

नरम लोखंडाचं असं होतं. कडक पोलादाचे डोमेन मात्र अडकून बसतात आणि थोडं चुंबकत्व मागे राहतं, म्हणूनच चुंबकावर घासलेला स्क्रू-ड्रायव्हर नंतरही स्क्रू उचलतो. निकेल आणि कोबाल्ट लोखंडासारखेच वागतात. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांच्यात असे डोमेन नसतातच, त्यामुळे त्यांच्यावर चुंबकाचा परिणाम नगण्य.

पृथ्वी हे चुंबक अशक्त आहे, पण तिच्या क्षेत्रातून सुटका कुणाचीच नाही. रूळ, गज, खिळे, बादल्या, सगळं लोखंड थोडंफार चुंबक होऊन बसलेलं असतं. विजेच्या ट्राममध्ये त्यात आणखी एक भानगड: वरच्या तारेतून येणारा डीसी प्रवाह रुळांतून परत जातो आणि काही प्रमाणात जमिनीत पाझरतो. प्रवाह वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होणारच.

इथे मला मूस यांच्यातला इंजिनिअर दिसतो. लोखंड जागचं हलत नसेल तर त्याचा परिणाम मोजून वजा करता येतो. फोनचं होकायंत्र बिनसलं की आपण तो हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवतो, तेव्हा सॉफ्टवेअर हेच करतं. फोनमधल्या स्पीकरचं चुंबक आणि आसपासचा धातू फोनबरोबरच फिरतो, म्हणून त्यांची चूक ओळखता येते आणि काढून टाकता येते. पण ट्राम येते, थांबते, निघते, वेग घेते, आणि दर क्षणी प्रवाह वेगळा असतो. अशी चूक वजा कशी करणार? सूर्यामुळे हललेली सुई कोणती आणि ट्राममुळे हललेली कोणती, हे नंतर कुणालाही वेगळं काढता आलं नसतं. जवळपास साठ वर्षांची साखळी तिथेच संपली असती.

ट्राम थांबवणं हा मार्ग नव्हता. शहराला ती हवी होती, आणि रोज पायपीट करणाऱ्या गिरणगावाच्या बाजूनं विचार केला तर हवीच होती. मूस यांनी सुई हलवायचं ठरवलं. जागा निवडली अलिबागची, कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिण-आग्नेयेला. ट्रामचा उपद्रव पोचणार नाही इतकं दूर, आणि जुन्या नोंदींशी नाळ तुटणार नाही इतकं जवळ.

तिथली इमारत हा एक मजेशीर प्रकार आहे. आपल्याकडे बांधकामाला हाताशी असतो तो सह्याद्रीचा काळा दगड. पण त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, म्हणजे दगडच चुंबकीय! म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म पारखून आणला. जोडकामाला तांबं आणि पितळ वापरलं, लोखंड दूर ठेवलं. दुहेरी भिंती घातल्या, कारण तापमान बदललं की टांगलेल्या चुंबकाची ताकदही थोडी बदलते.

अलिबागचं काम १९०४ मध्ये सुरू झालं. तरी मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. कुलाब्याचा आकडा अलिबागच्या आकड्यात कसा बदलायचा, हे त्यातून पक्कं कळलं. आज आम्ही जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जाताना दोन्ही काही दिवस शेजारी-शेजारी चालवतो. आमचे ‘काही दिवस’ बहुतेकदा मॅनेजर ठरवतो, ही गोष्ट वेगळी.

मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ ला. कुलाब्याच्या सुया तोवर निवृत्त झाल्या होत्या. पुढे १९२८ मध्ये चर्चगेट-कुलाब्याच्या मार्गावर विजेची लोकलही आली, तीही डीसीवर.

मग मूस बसले हिशोबाला. १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदी, कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही. १९१० साली त्यांचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध झाले. रोजचा बदल, चंद्राचा परिणाम, चुंबकीय वादळं, सगळं त्यात आहे. वादळाच्या वेळी सरासरीनं क्षेत्र कसं कोसळतं आणि कसं सावरतं याचा असा पद्धतशीर अभ्यास आधी क्वचितच झाला होता, आणि सिडनी चॅपमन यांच्यासारख्यांनी पुढे त्याचा आधार घेतला. मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले.

ते जन्मले त्याच वर्षी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, सूर्यावरून आलेलं आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत मोठं मानलं जाणारं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. कुलाब्याच्या माणसांनी ते डोळ्यांनी बघून वहीत उतरवलं. २००३ मध्ये अमेरिकन, ब्राझिलियन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी त्या नोंदी पुन्हा काढल्या, तेव्हा दिसलं की मुंबईतलं क्षेत्र त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. आज असं वादळ आलं तर उपग्रह आणि वीजजाळ्यांचं काय होईल, याचे अंदाज बांधताना हा आकडा वापरला जातो.

आणि दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून इथेच दादरला आली. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि मोजमाप चालू आहे.