गरम कुंडांच्या काठचं देऊळ आणि चिमाजी अप्पा

नसरापूरच्या बनेश्वराला आपण सगळ्याच जातो. श्रावणी सोमवार असो, नाहीतर पाहुणे आले म्हणून काढलेली सहल असो. महादेवाला बेल वाहायचा, मुलांना बागेत आणि धबधब्यापाशी खेळू द्यायचं, घरून आणलेला डबा खायचा आणि चेलाडी फाट्यावर येऊन परतीची गाडी धरायची. पण मैत्रिणींनो, तिथली घंटा कधी निरखून पाहिली आहे का? तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल कोरलेलं आहे. महादेवाच्या देवळात क्रूस कसा? तर ही घंटा मुळात चर्चमधली. वसई जिंकल्यावर ती पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली. देऊळ बांधलं नानासाहेब पेशव्यांनी, १७४९ साली. वसई जिंकली होती ती त्यांच्या काकांनी, म्हणजे चिमाजी अप्पांनी.

अप्पांचं नाव आपण शाळेत एका ओळीत शिकलो आणि विसरलो. थोरल्या बाजीरावांचा धाकटा भाऊ, एवढीच ओळख. थोरल्याचं तेज फार असलं की धाकटा झाकला जातो, हे घरोघरी दिसतं. पेशव्यांचं घरही त्याला अपवाद नव्हतं.

अप्पांचा जन्म १७०७ चा. वडील बाळाजी विश्वनाथ १७२० साली वारले, तेव्हा बाजीराव वीस वर्षांचेही नव्हते आणि अप्पा जेमतेम तेरा वर्षांचे. घर सावरलं आई राधाबाईंनी. त्या वयात वडील गेलेला मुलगा लवकर मोठा होतो, तसे अप्पाही झाले. बाजीराव सतत घोड्यावर. मागे पुण्याचा कारभार, सातारच्या शाहू महाराजांची मर्जी, पैशांची ओढाताण, मुलाबाळांचं शिक्षण हे सगळं अप्पांनी बघायचं. शिवाय स्वतःच्या मोहिमा होत्याच. १७२८ साली माळव्यात आमझेऱ्याला त्यांनी मोगलांचा मोठा पराभव केला. १७३६ साली कोकणात सिद्दी सातला संपवलं. आणि हे सगळं कसल्या प्रकृतीवर? तर छातीचं दुखणं पहिल्यापासून मागे लागलेलं होतं. खोकला आणि अशक्तपणा त्यांच्या सोबतीलाच असायचा.

घरातही सुख थोडंच लाभलं. १७३० साली पहिल्या पत्नी रखमाबाईंना मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. ते तान्हं बाळ राधाबाईंनी वाढवलं. पुढे पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ ते हेच. अप्पांचं दुसरं लग्न अन्नपूर्णाबाईंशी झालं.

वसईची मोहीम सुरू झाली १७३७ साली. पोर्तुगीज तिथे दोनशे वर्षं पाय रोवून बसलेले होते. त्यांच्या धर्माच्या जुलमाला लोक कंटाळले होते आणि अंजूरच्या नाईकांसारखी स्थानिक मंडळी मराठ्यांना साद घालत होती. आधी ठाणं हाती आलं. पुढे १७३९ च्या जानेवारीत माहीम, तारापूर घेतलं. वसई मात्र हटेना. भक्कम तटबंदी, तीन बाजूंना पाणी आणि चिखल. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वेढा चालला. सुरुंग लावावे, तट ढासळावा, आत घुसावं आणि पुन्हा मागे रेटलं जावं, असं होत राहिलं. हजारो मराठे पडले. किल्ला मिळत नसेल तर तोफेने निदान माझं मस्तक तरी किल्ल्यात उडवा, असं अप्पा म्हणाल्याची हकीकत आजही सांगितली जाते.

याच काळात त्यांनी वडवलीच्या वज्रेश्वरी देवीला नवस केला, की वसई मिळू दे, तुझं देऊळ बांधीन. मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. नवस फेडायला देऊळ उभं राहिलं तेही किल्ल्यासारखंच. भोवती दगडी तट, वर नगारखाना आणि चढून जायला पायऱ्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एवढी माणसं गमावूनही अप्पांनी पोर्तुगिजांना बायकामुलांसह, सामानसुमान घेऊन, मानाने जाऊ दिलं. जिंकलेल्याने असं वागणं तेव्हाही सोपं नव्हतं.

आता या देवीच्या पायथ्याशी काय आहे, ते आपल्यातल्या कितीतरी जणींना माहीत आहे. बचत गटाच्या सहलीत गुडघे धरलेल्या बायका जिथे हटकून गाडी थांबवायला लावतात, ती गरम पाण्याची कुंडं! वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी अशी ही कुंडं तानसा नदीच्या काठाने आहेत. शेजारी तुंगारेश्वर अभयारण्याचे डोंगर. देवीने मारलेल्या दैत्यांचं रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी तिथली कथा. कुणी म्हणतं, खाली ज्वालामुखी आहे. इथला काळा दगड ज्वालामुखीचाच खरा, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. आज पाणी तापतं ते वेगळ्या कारणाने. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात असे झरे ओळीने आहेत. दापोलीकडच्या उन्हवऱ्याचं पाणी तर इतकं कढत, की थेट हात घालवत नाही.

आंघोळ करून आपण निघून येतो आणि रंग बघायचे राहतात. कुंडातून वाहून जाणाऱ्या पाण्याखालचे दगड बघा. कुठे हिरवट, कुठे पिवळसर, कुठे तांबूस थर दिसतील. ती सगळी घाण नसते. ऊन पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे ते थर आहेत, आणि तांबूसपणा काही ठिकाणी पाण्यातल्या लोहाचा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, जिथे खाली अजूनही ज्वालामुखी धगधगतो, तिथे हाच खेळ प्रचंड मोठा दिसतो. शंभर मीटरहून रुंद असं एक कुंड आहे. मध्ये पाणी फार कढत, म्हणून जवळजवळ निर्जीव आणि स्वच्छ निळं. काठाकडे ते निवत जातं तसे हिरवे, पिवळे, केशरी, तपकिरी पट्टे, रांगोळीच्या वळशांसारखे. ज्याला जेवढी ऊब मानवते, तो जीव त्या पट्ट्यात राहतो. तिथल्याच एका झऱ्यात १९६६ साली सापडलेल्या जीवाणूमुळे पुढे कोविडची आरटीपीसीआर तपासणी शक्य झाली. म्हणून कुंडात साबण लावू नये, शाम्पूच्या पुड्या आणि जुनी लुगडी टाकू नयेत. पाण्यात जीव आहे.

दुखणी घेऊन माणसं ज्या पाण्यावर येतात, त्याच्या काठी देऊळ उभारणाऱ्या अप्पांचं दुखणं मात्र हटलं नाही. वसईनंतरचं दीड वर्ष घरातल्या वादळाचं होतं. १७४० च्या सुरुवातीला, बाजीराव मोहिमेवर असताना, अप्पा आणि नानासाहेबांनी मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवलं. शत्रूच्या बायकामुलांना सन्मानाने वाट देणाऱ्या माणसाने घरच्या बाईला ती दिली नाही. घराण्याची अब्रू म्हटली की भल्याभल्यांचा न्याय पांगळा होतो, हे आपण आजही बघतो. एप्रिलमध्ये बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले. त्याच साली मस्तानीही गेली. पुतण्याला पेशवाईवर बसवून, १७ डिसेंबर १७४० रोजी अप्पाही गेले. वय अवघं तेहतीस. अन्नपूर्णाबाई सती गेल्या. सतीबंदीचा कायदा यायला अजून एकोणनव्वद वर्षं होती. राधाबाईंनी एकाच वर्षात दोन्ही मुलं आणि सून गमावली, आणि दहा वर्षांच्या सदाशिवाला पुन्हा पदराखाली घेतलं.

वसईचा विजय इतिहासात अप्पांच्या नावावर आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या विजयाचा हिशेब मांडताना या बायकांची नावंही शेजारी लिहायला हवीत. अप्पांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ, मुठेच्या काठी आहे. दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी आपलं पुण्याला जाणं होतंच. एखाद्या खेपेला दहा मिनिटं काढून तिथे जाऊन या, आणि सोबत मुलीला न्या. तिला अप्पांची गोष्ट सांगा, आणि अन्नपूर्णाबाईंचीही.