पहिल्या परवान्याचे मानकरी : जे. आर. डी. टाटा

धार-देवासकडच्या आपल्या मराठी मंडळींना विमानतळ म्हणजे इंदूरचा. मुलगा पुण्याहून यायचा असो की सून-नातवंडे परदेशातून, धारहून निघालो काय किंवा देवासहून, गाडी शेवटी बिजासन टेकडीच्याच दिशेने वळते. ही जागा होळकर सरकारने १९३५ मध्ये विमानतळासाठी पक्की केली, तेव्हा सल्ला घेतला होता टाटांच्या कंपनीतल्या नेव्हिल विन्सेंट यांचा. पुढे १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली विमानसेवा सुरू झाली, तीही इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेरमार्गे. म्हणजे आपल्या माळव्याच्या आभाळात नियमित विमान आणणाऱ्यांत ज्यांचे नाव घ्यावे लागेल, ते विन्सेंट यांचे जोडीदार जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. पोलाद, मोटारी, रसायने यांचे कारखाने सांभाळणारे उद्योगपती म्हणून जे.आर.डी. घरोघरी माहीत आहेत. यंदा मात्र आम्ही स्मरण करणार आहोत ते हौशी वैमानिक जे.आर.डीं.चे.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नात्यातले आणि धंद्यातले सहकारी. आई सुझान फ्रेंच. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो गावी राहायला जाई. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर तिथे शेजारीच होते. किनाऱ्यावरच्या वाळूत विमाने उतरत आणि हा मुलगा ती पाहत बसे. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला विमानातून एक फेरी मारायला मिळाली आणि वैमानिक व्हायचे हे त्याच दिवशी ठरून गेले.

संधी मिळायला मात्र पुष्कळ वर्षे लागली. वडील १९२६ मध्ये वारले आणि संसाराचा भार तरुणपणीच अंगावर आला. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्यावर जे.आर.डी. लगेच दाखल झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना. त्यावर क्रमांक होता १.

त्या काळचे खासगी विमान म्हणजे काय हे आज डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे. जिप्सी मॉथ हे त्यातले लोकप्रिय विमान. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, दोन उघड्या बैठका आणि चार सिलिंडरचे इंजिन. पंख मागे दुमडले की ते छोट्याशा शेडमध्येही मावे. रेडिओ नाही, डोक्यावर छप्पर नाही. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र आणि मनगटावर घड्याळ. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आज इंदूर-देवास रस्त्यावर काही गाड्या याच्या जवळपास पळतात, पळू नयेत तरी!

अशा वैमानिकाचा दिवस छोट्या-छोट्या काळज्यांतच जाई. पेट्रोल डब्यांतून यायचे, तेव्हा टाकीत ओतण्याआधी गाळून घ्यायचे. पाण्याचा एक थेंबही इंजिन बंद पाडू शकतो. तेल मोजायचे, तारा ओढून पाहायच्या, ढगांचा रंग बघायचा. रात्री वारा सुटला तर विमान उलटू नये म्हणून खुंट्या ठोकून दोरांनी बांधायचे. अगदी बैलजोडीसारखे! आणि सगळ्यांत नाजूक गोष्ट म्हणजे इंजिनाचे प्लग. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासला आहे, फुंकर मारून परत बसवला आहे, त्यांना ही काळजी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की स्कूटर बंद पडली तर ढकलत घरी नेता येते.

जे.आर.डीं.च्या आयुष्यातला एक मोठा प्रसंग या प्लगांशीच जोडलेला आहे. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. सुरुवात दोन्हीपैकी कोणत्याही टोकाकडून करायची मुभा होती. १९३० मध्ये तिघे निघाले. मनमोहन सिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीअर इंग्लंडकडून आले. पंचवीस वर्षांचे जे.आर.डी. ३ मे रोजी कराचीहून उडाले.

इजिप्तमधल्या अबूकीरच्या धावपट्टीवर जे.आर.डी. उतरले, तर तिथे अस्पी अडकून पडलेला. प्लग खराब झाले होते आणि नवे मिळण्याची वाट पाहण्याखेरीज त्याच्या हाती काही नव्हते. जे.आर.डीं.जवळ जादा प्लग होते. पुढे सगळा भूमध्य समुद्र ओलांडायचा होता. त्यांना स्वतःलाच त्या प्लगांची गरज पडली असती तर? आणि समोरचा तर प्रतिस्पर्धी! तरीही त्यांनी आपले जादा प्लग त्याला काढून दिले. अस्पीने उपकाराची फेड म्हणून स्वतःचे जीवरक्षक जाकीट त्यांच्या हवाली केले. दोघे आपापल्या दिशेने उडाले. अस्पी कराचीला पोहोचला तो जे.आर.डी. इंग्लंडला पोहोचण्याच्या काही तास आधी. बक्षीस त्याला मिळाले.

जे.आर.डीं.नी याची खंत कधी केली नाही. त्या विजयाचा अस्पीला हवाई दलात जायला उपयोग झाला, याचेच त्यांना समाधान होते. तोच अस्पी इंजिनीअर १९६० मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डीं.नी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले. टपाल होते पंचवीस किलो. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! जुहूहून पुढे मद्रासपर्यंतचे टपाल विन्सेंट यांनी नेले. भारतीय विमानसेवेची ही सुरुवात. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल होई, म्हणून सगळा मुक्काम पुण्याला येरवड्याकडे हलवावा लागे.

या रोपट्याचीच पुढे एअर-इंडिया झाली. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, तरी अध्यक्षपद जे.आर.डीं.कडेच राहिले. त्यासाठी ते पगार घेत नसत. प्रवास करताना मात्र त्यांची नजर सगळीकडे फिरे. पडदा नीट आहे का, खुर्ची मागे झुकते का, चहा चहासारखा दिसतो का, सगळ्याची टिपणे घेऊन ती अधिकाऱ्यांकडे जात. आम्हाला वाटते, ही सवय जुहूच्या मैदानातच लागली असावी. पेट्रोल स्वतः गाळून घेणाऱ्याला कोणतीच गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. तो घाव मोठा होता.

तरी विमान त्यांनी सोडले नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ हे जुने विमान घेऊन ते पुन्हा एकटे कराचीहून जुहूला आले. नव्या पिढीला उत्साह यावा एवढाच हेतू होता. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

कारखाने, कंपन्या, पदव्या हे सारे मोठे आहेच. पण आमच्या मनात राहतो तो अबूकीरचा वैमानिक, जो शर्यत चालू असताना आपल्या पेटीतले प्लग काढून देतो. यापुढे नातवंडांना आणायला बिजासनला जाल, तेव्हा विमानाची वाट पाहता पाहता त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!