सी. रामचंद्र : रागदारी आणि जॅझ यांचा समन्वय

प्रास्ताविक

नांदेड किंवा लातूर येथील लग्नाची वरात आपण अनेकदा पाहिली असेल. वरातीतील बँडमध्ये वाजणारी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही वाद्ये युरोपातून आलेली आहेत. त्यांवर वाजणारी चाल मात्र आपल्या ओळखीची असते. परक्या वाद्याचे आणि आपल्या चालीचे हे नाते आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्याविषयी कोणाला प्रश्न पडत नाही. एकेकाळी मात्र हा तीव्र वादाचा विषय होता. ज्या मराठी संगीतकाराने हे नाते जोडण्यात मोठा वाटा उचलला, त्या सी. रामचंद्र यांच्या जीवनाचा परिचय आपण या घटकात करून घेणार आहोत.

असा प्रयत्न अन्यत्रही झाला होता. १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉर्ज गर्श्विन या संगीतकाराने स्वतः पियानो वाजवून ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ ही रचना सादर केली आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जॅझ संगीताला अभिजात मैफिलीच्या सभागृहात आणले. सी. रामचंद्र यांचे वाद्य पियानो नव्हते, ते पेटी होते. दोघांपुढील प्रश्न मात्र एकच होता : दोन भिन्न परंपरा एकत्र आणताना दोहोंचाही सत्त्वभंग कसा टाळावा?

जडणघडण

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी रागदारी संगीताचे शिक्षण घेतले. पुढील काळात त्यांनी पाश्चात्त्य वळणाच्या कितीही चाली बांधल्या, तरी त्यांच्या स्वरविचाराचा पाया येथेच घातला गेला, हे आपण ध्यानात ठेवावे.

चित्रपटसृष्टीत त्यांचा प्रवेश नट म्हणून झाला. ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका केली. परंतु अभिनयात त्यांना यश लाभले नाही. सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांनी किरकोळ भूमिका केल्या आणि तेथेच बुंदू खाँ व हबीब खाँ या संगीतकारांना ते पेटीची साथ करू लागले. अपयशी नटाला साथीदाराच्या आसनावर आपली खरी वाट सापडली. काही तमिळ चित्रपटांना संगीत दिल्यानंतर मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) या चित्रपटाने त्यांना हिंदीत स्थान मिळवून दिले.

समन्वयाचे स्वरूप

त्या काळी मुंबईतील मोठ्या हॉटेलांत गोव्याचे वादक जॅझ वाजवीत असत. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना अवगत होती. त्यांपैकी ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेले हळदोणे येथील ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. अमेरिकन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या संगीताचाही सी. रामचंद्र यांच्यावर प्रभाव होता.

‘शहनाई’ (१९४७) मध्ये त्यांनी सॅक्सोफोन, गिटार आणि शीळ यांचा वापर केला. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये बाँगो, ट्रम्पेट व क्लॅरिनेट यांनी ठेका रंगविला. चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद तर पडद्यावरही दिसला. मात्र याच चित्रपटातील अंगाईगीत पिलू रागाच्या छायेत वावरते. दोन वर्षांनी आलेल्या ‘अनारकली’त भीमपलासाची आर्तता आहे, ‘नवरंग’ (१९५९) मध्ये मालकंस आहे, तर ‘आशा’ (१९५७) मध्ये रॉक अँड रोलची उसळी आहे.

येथे एक सूक्ष्म भेद पाहा. रागसंगीतात एकामागून एक येणाऱ्या स्वरांची ओळ महत्त्वाची असते. जॅझमध्ये एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह आणि अनपेक्षित ठिकाणी पडणारा आघात यांना महत्त्व असते. सी. रामचंद्र यांनी गाण्याची ओळ सोपी व गेय ठेवली आणि जॅझचा रंग ठेक्यात व दोन ओळींमधील वाद्यसंगीतात भरला. म्हणूनच वाद्यवृंद काढून घेतला, तरी त्यांची चाल पेटीवर एकटी उभी राहते.

विरोध आणि उपेक्षा

१९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकर यांना चित्रपटसंगीतातील अशी सरमिसळ मान्य नव्हती. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारसा वाव उरला नाही आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. पुढे १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. श्रोत्यांचा निर्णय अशा प्रकारे धोरणकर्त्यांच्या निर्णयाहून प्रभावी ठरला.

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. ज्या गोमंतकीय वादकांनी हा समन्वय प्रत्यक्ष वाजवून दाखविला, त्यांपैकी बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत आली नाहीत. चरित्र एका व्यक्तीचे लिहिले जाते. संगीत मात्र अनेकांच्या श्रमांतून घडते. चरित्रलेखनाचा अभ्यास करताना ही मर्यादा आपण विसरू नये.

उत्तरायुष्य

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लता मंगेशकर यांनी गायिलेले, कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांना वाहिलेले गीत सी. रामचंद्र यांनीच स्वरबद्ध केले होते. त्यानंतर हिंदी चित्रपटांतील त्यांचे काम ओसरत गेले. मराठीत त्यांनी ‘घरकुल’ या चित्रपटाला संगीत दिले आणि ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

समारोप

उसने घेणे आणि आत्मसात करणे यांत अंतर आहे. ज्याचा स्वतःचा पाया पक्का असतो, त्याला परके भय दाखवीत नाही, हे या चरित्राचे सार म्हणता येईल. वाङ्मयातील प्रभाव, अनुकरण आणि आत्मसातीकरण यांचा विचार करतानाही आपल्याला हाच निकष उपयोगी पडेल.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. सी. रामचंद्र यांनी रागदारी व जॅझ यांचा समन्वय कसा साधला, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या बँडवादकाशी बोलून, त्यांनी वादन कोणाकडून व कसे आत्मसात केले, याविषयी पंधरा ओळी लिहा.