‘सायक्लोन’ शब्दाचे जनक हेन्री पिडिंग्टन

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले की किनारपट्टीवर सावधगिरीच्या सूचना दिल्या जातात. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा मिळतो आणि बंदरांवर धोक्याचे बावटे लागतात. या संकटाला जगभर ज्या नावाने ओळखले जाते, तो ‘सायक्लोन’ हा शब्द मात्र कोलकात्यात जन्माला आला. हेन्री पिडिंग्टन या निवृत्त जहाज कप्तानाने तो घडविला.

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. भारत आणि चीनच्या जलमार्गांवर व्यापारी जहाजांतून प्रवास केल्यानंतर ते बंगालमध्ये स्थायिक झाले. कोलकात्यात त्यांनी भूगर्भविषयक संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणून काम पाहिले. शहराचे कॉरोनर आणि सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचे अध्यक्ष या नात्यानेही त्यांनी काम केले. बुडालेली जहाजे आणि खलाशांचे मृत्यू हे त्यांच्या रोजच्या कामाचे विषय होते. वादळांचे रहस्य उलगडण्याची त्यांची ओढ या अनुभवातून अधिक बळकट झाली.

अमेरिकेत विल्यम रेडफिल्ड आणि ब्रिटिश लष्करातील अभियंता विल्यम रीड यांनी त्यापूर्वीच अटलांटिकमधील वादळे चक्राकार फिरतात, असे दाखवून दिले होते. रीड यांचा ग्रंथ १८३८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाच नियम भारतीय समुद्रांना लागू पडतो का, हे तपासण्याचे काम पिडिंग्टन यांनी हाती घेतले. जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात झालेल्या वादळावर त्यांनी पहिला निबंध लिहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा बंदराचा वादळाने विध्वंस केला. त्या वादळाचीही त्यांनी चिकित्सा केली. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून त्यांची ही निबंधमाला पुढे अनेक वर्षे चालू राहिली.

त्यांची पद्धत साधी, परंतु अत्यंत चिकाटीची होती. त्या काळी उपग्रह नव्हते, रडार नव्हते. समुद्रावरील वादळाचे साक्षीदार केवळ त्यात सापडलेली जहाजे होती. पिडिंग्टन त्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवीत. कोणत्या वेळी जहाज कोठे होते, वारा कोणत्या दिशेने वाहत होता आणि वायुभारमापकातील पारा किती खाली गेला होता, हे ते नकाशावर मांडीत. एकाच दिवशी निरनिराळ्या जहाजांनी अनुभवलेले परस्परविरोधी वारे नकाशावर एकत्र आले की त्यांतून एक वर्तुळ उभे राही आणि त्याच्या मध्यभागी शांत केंद्र दिसू लागे.

फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ वादळात सापडलेल्या ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाची नोंदवही या दृष्टीने विलक्षण ठरली. वाऱ्याच्या जोरावर वाहत गेलेले हे जहाज पाच दिवस वादळाभोवती फेऱ्या मारीत राहिले आणि शेवटी मूळ ठिकाणापासून फार दूर गेलेच नाही. वादळ खरोखर चक्राकार फिरते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण होते.

अशा वादळांसाठी वेगळे नाव हवे, असे पिडिंग्टन यांना वाटू लागले. सापाच्या वेटोळ्याचा किंवा वर्तुळाचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द तयार केला. मराठीतील ‘चक्रीवादळ’ या शब्दातही हीच कल्पना आहे. १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या खलाशांसाठीच्या मार्गदर्शक ग्रंथाने हा शब्द सर्वदूर पोहोचविला. या ग्रंथासोबत शिंगापासून बनविलेले पारदर्शक पत्रे दिलेले असत. त्यांवर वर्तुळाकार वाऱ्यांच्या दिशा कोरलेल्या होत्या. असा पत्रा सागरी नकाशावर ठेवून वाऱ्याच्या दिशेशी जुळविला की वादळाचे केंद्र कोणत्या बाजूला आहे, हे कप्तानाला कळे आणि त्यापासून दूर जाण्याचा मार्ग निवडता येई.

वादळ कसे फिरते, हे पिडिंग्टन यांनी दाखविले. ते कशामुळे निर्माण होते आणि बळावते, याचे समाधानकारक उत्तर मात्र त्यांच्या काळातील विज्ञानाकडे नव्हते. हे उत्तर नंतरच्या संशोधनातून मिळाले. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असेल आणि ही उष्णता सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत असेल, तर वादळाला आवश्यक ऊर्जा उपलब्ध होते. उष्ण पाण्याची वाफ हवेबरोबर वर जाते, थंड होऊन तिचे ढग बनतात आणि त्या वेळी तिच्यातील सुप्त उष्णता बाहेर पडते. त्यामुळे वरची हवा आणखी तापते, खालचा दाब आणखी घटतो आणि भोवतालची दमट हवा अधिक वेगाने केंद्राकडे धावते.

पृथ्वीच्या परिवलनामुळे ही हवा वळते. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, तर दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने फिरू लागते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा परिणाम नगण्य असल्याने तेथे चक्रीवादळे सहसा निर्माण होत नाहीत. वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांमध्ये फारसा फरक नसेल, तर हे चक्र अभंग राहते आणि बळावत जाते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर पोहोचला की त्याला चक्रीवादळ म्हटले जाते. ताशी २२२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेग झाल्यास ते महाचक्रीवादळ ठरते. जमिनीवर आल्यावर उष्ण पाण्याचा पुरवठा तुटतो आणि वादळ क्षीण होऊ लागते.

परंतु किनाऱ्यावर सर्वाधिक बळी वारा नव्हे, तर वादळाने लोटलेले पाणी घेते. पिडिंग्टन यांनी हे ओळखले होते. हुगळी नदी गाळाने भरत असल्याच्या भीतीने सुंदरबनातील मातला नदीच्या काठी नवे बंदर उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. ही जागा समुद्राच्या मुखाशी उघडी असून, एखाद्या वादळात खाऱ्या पाण्याचा लोंढा काही मिनिटांत सारी वसाहत ५ ते १५ फूट पाण्याखाली बुडवील, असा इशारा त्यांनी दिला. तो मानला गेला नाही. बंदर उभे राहिले, रेल्वेमार्ग आला आणि लॉर्ड कॅनिंग यांचे नाव त्याला देण्यात आले.

१८५८ मध्ये कोलकात्यात पिडिंग्टन यांचे निधन झाले. १८६४ च्या वादळाने कोलकाता आणि परिसरात हजारो लोकांचे प्राण घेतले. त्यानंतर १८६५ मध्ये कोलकाता बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. नोव्हेंबर १८६७ मध्ये वादळाची सुमारे ६ फूट उंचीची लाट पोर्ट कॅनिंगमध्ये शिरली आणि नवे बंदर उद्ध्वस्त झाले. काही वर्षांतच ते सोडून देण्यात आले. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली.

मे २०२० मध्ये ‘अम्फान’ वादळ दोन दिवसांच्या आत चक्रीवादळापासून महाचक्रीवादळापर्यंत बळावले आणि २० मे रोजी सुंदरबनाजवळ किनाऱ्यावर धडकले. या वेळी पूर्वसूचना मानली गेली. लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. घरे, शेते आणि बांध मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, तरी असंख्य जीव वाचले. पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्यांतून मिळविलेले ज्ञान आज उपग्रहांकडून मिळते. ते वेळीच ऐकले जाणे मात्र आजही तितकेच महत्त्वाचे आहे.